आम्ही विटेवाल्या

एक सांगू? बाईला तिच्या बाळंतपणाबद्दल कधी विचारू नये. आणि विचारायचंच असेल तर आधी गॅसवरचं दूध उतरवून यावं! कारण ती एकदा सुरू झाली की थांबत नाही, आणि तिचं संपायच्या आत शेजारची म्हणते, "हे काहीच नाही, माझं ऐक!"

आमच्या सांगलीला पूर्वी हळद पेवात भरून ठेवायचे. जमिनीत खोल खड्डा, वर झाकण. तसे हे किस्से आमच्याकडं साठलेत. झाकण जरा सरकवलं की वास आलाच. आता आमच्या पोरी-सुना म्हणतात, "तेच तेच काय सांगता?" अगं, तेच तेच नाही. प्रत्येक वेळी एखादा नवा वर येतो.

* * *

नव्वदच्या दशकाची सुरुवात. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पाचव्या महिन्यात सगळं संपलं. तिसऱ्या वेळी आमच्या डॉक्टरीणबाईंनी (त्यांना सगळे नुसतं 'मॅडम' म्हणायचे) पिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि फर्मान काढलं, "आता मुक्काम इथंच. उठायचं नाही, वाकायचं नाही, आणि रडायचं तर अजिबात नाही!"

पलंगाच्या पायथ्याच्या दोन्ही पायांखाली विटा लावल्या. म्हणजे पाय वर, डोकं खाली. आल्यागेल्या माणसाच्या आधी नाकपुड्या दिसायच्या, मग चेहरा.

शेजारच्या पलंगावर अक्काताई होती. मिरजेच्या पलीकडच्या गावातली, जैन शेतकऱ्याच्या घरची. दणकट हात, कपाळाला मोठं कुंकू, आणि तिच्याही पलंगाखाली विटा. मला आणून झोपवलं तसं तिनं मान वळवून विचारलं,

"कितवं वो वैनी?"

"तिसरं."

"मग मोटी दोगं कुनाकडं ठिवलीत?"

मी वरच्या पंख्याकडं बघत राहिले. तिला कळलं. तिनं हात लांब करून माझ्या पलंगाची कड धरली आणि म्हणाली,

"आसू दे. माजीबी दोगं तितंच हायत. खेळत आसतील सोबतीनं."

पहिल्याच दिवशी मॅडमचा तिसरा नियम आम्ही दोघींनी मिळून मोडला!

* * *

मग तिसऱ्या पलंगावर सुमन आली. माहेर साताऱ्याचं, नवरा कुपवाडच्या कारखान्यात, आणि स्वतः झेडपीच्या शाळेत मास्तरीण. तिचं बीपी इतकं वाढायचं की यंत्राचा पारा बघून सिस्टरचंच वाढायचं. तिचे आजोबा छप्पन्न साली दीक्षेला नागपूरला जाऊन आलेले, हे तिनं आल्या आल्या सांगून टाकलं. अक्काताईनं लगेच विचारलं, "मंग तुमच्यात जेवन कवा?"

"भूक लागेल तेव्हा!"

"आमच्यात दिस बुडायच्या आत."

पडून पडून आम्हाला तरी दुसरा काय उद्योग होता! चार दिवसांत तिघीही उजेडातच जेवायला लागलो. आमचे हे हायस्कुलात मास्तर. ते शाळा सुटल्यावर डबा घेऊन यायचे आणि धापा टाकत म्हणायचे, "वाचलो, अजून ऊन आहे!"

एकदा काय झालं, नवी आलेली मावशी पॅसेजमध्ये चहावाल्याला मोठ्यानं ओरडली, "त्या विटेवाल्या बायकांच्या खोलीत दे!" खालच्या मजल्यावर कुणाला तरी बघायला आलेले एक काका होते. ते होते विटा गावचे! आपल्या गावच्या बायका म्हटल्यावर बिचारे प्रेमानं खोलीत आले. धोतर, टोपी, हातात केळी.

"विट्यात कुनाच्यातल्या म्हनायच्या?"

सुमन गंभीर चेहरा करून म्हणाली, "आम्ही विट्याच्या नव्हे काका. विटांच्या!" आणि बोटानं पलंगाखाली दाखवलं.

काका वाकले. नीट निरखून बघितलं. एका विटेवर बोटानं टकटक केलं. मग उठून, केळी स्टुलावर ठेवून म्हणाले,

"वीट चांगली भाजल्याली हाय. काय भ्यायचं न्हाई."

डॉक्टरांनी इतके दिवस धीर दिला, पण त्या वाक्यानं जेवढा आला तेवढा कशानंच आला नाही!

* * *

मला मुलगी झाली. वजन कमी, आवाज जास्त. सुमनला सिझेरियन करून मुलगा झाला. आणि आमच्या दोघींच्या आधी, सातव्या महिन्यातच, अक्काताईला कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. एक दिवस होती.

हा काही किस्सा नव्हे. पण एवढं सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

ती घरी गेली त्या दिवशी मी पडूनच होते, उठायची परवानगी नव्हती. ती दारात उभी राहिली. तिचे मालक मागं पिशवी घेऊन उभे. तीच म्हणाली, "वैनी, तुमी हलू नगा," आणि गेली. पुन्हा ही बाई या पायऱ्या चढेल असं मला वाटलं नव्हतं.

पुढं काही महिन्यांनी मी लेकीला डोस द्यायला मॅडमच्या दवाखान्यात घेऊन गेले, तर खालच्या बाकावर अक्काताई! मांडीवर पेरूंची पिशवी. माझ्या मनात चमकलं, पुन्हा दिवस राहिले की काय?

"तपासायला आलात अक्का?"

"न्हाई वो. डाक्टरीण म्हनली, आता पुन्ना न्हाई. मी भेटायला आली."

"कुणाला?"

तिनं वरच्या मजल्याकडं बघितलं.

"कोन आसंल तिला."

तेवढ्यात मॅडम केबिनमधून बाहेर आल्या. त्यांनी अक्काताईला पाहिलं, पेरू पाहिले. भेटायची वेळ संपलेली होती, आणि मॅडम वेळेच्या बाबतीत फार कडक. आम्ही उठून उभ्या राहिलो. मॅडम म्हणाल्या, "वर एक नवीन मुलगी आहे. मी तिला औषध देते, पण धीर माझ्याकडं स्टॉकमध्ये नसतो. जा वर!"

झालं. आमचं सगळं तिथून सुरू झालं.

* * *

ती नवी मुलगी म्हणजे रेखा. वय लहान, एक मूल गेलेलं, आणि तिच्या पलंगाखालीही विटा. भिंतीकडं तोंड करून पडलेली. मी जिन्यातच मनाशी भाषण तयार केलं होतं. 'हे बघ, सकारात्मक विचार कर' वगैरे. दोन वाक्यं बोलले, तर तिनं चादर डोक्यावर ओढली.

अक्काताईनं पिशवीतनं खोबरेल तेलाची बाटली आणि फणी काढली, उशाशी बसली आणि तिची वेणी सोडायला लागली. किती दिवस कुणी विंचरलंच नव्हतं! हलायचं नाही म्हटल्यावर घरच्यांनी केसांनासुद्धा हात लावला नव्हता. गुंता सोडवायला सगळी दुपार गेली. एक एक बट धरून अक्काताई हळूहळू सोडवत होती, आणि रेखाच्या डोळ्यांतनं पाणी कानात चाललं होतं.

शेवटी घट्ट वेणी पडली. रेखानं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"अक्का, डाक्टरनी सांगितलंय अजाबात हलायचं न्हाई. तुमी तर माजं डोस्कं हलवून सोडलं!"

खोलीत हशा! सिस्टर बघायला आली, इथं सिनेमा लागलाय का म्हणून.

रेखाचा नवरा कुपवाडला लेथवर काम करायचा. तो कमी बोलणारा. संध्याकाळी आला, बायको हसताना पाहिली, आणि गोंधळून पुन्हा दाराबाहेर जाऊन खोलीचा नंबर बघून आला! पुढच्या आठवड्यात त्यानं सायकलवरून एक जड पोतं आणलं. आत लोखंडी ठोकळे. वर पलंगाचा पाय बसायला खाच, खाली रबर. विटा सरकतात याची त्याला धास्ती वाटायची, म्हणून कारखान्यात साहेबाला विचारून स्वतःच्या हातानं बनवलेले.

मॅडम खूश झाल्या. सगळ्या पलंगांच्या विटा काढून टाकल्या. पण आमचं नाव काही बदललं नाही. लोखंडी बायका म्हणवून घ्यायला कोण तयार होणार!

* * *

रेखाचंच डोहाळजेवण आठवतंय. तिची सासू म्हणाली, "मागच्या बारीला केलं आन् दृष्ट लागली. ह्या बारीला नगं." खरं तर सगळेच घाबरलेले. पण रेखाचा चेहरा पडला होता. मग आम्ही पलंगावरच करायचं ठरवलं. मॅडमची परवानगी घेतली. अट एकच, पेशंट उठणार नाही. झोपल्या झोपल्या हिरवी साडी अंगावर पसरली, केसांत मोगऱ्याचा गजरा माळला. सुमननं तिच्या तान्ह्याला खांद्यावर टाकून डोहाळ्याची गाणी म्हटली. आवाज बेसूर, पण शाळेतल्यासारखा खणखणीत!

मग झाकलेल्या दोन वाट्या पुढं आल्या. रिवाज तुम्हाला ठाऊकच आहे. एकीत पेढा, एकीत बर्फी. जे निघेल त्यावरून मुलगा की मुलगी. रेखाचा हात पुढं येईना. तिला भीती, आपण काही निवडलं आणि तेही गेलं तर?

अक्काताई म्हणाली, "उचल गं. कुटलीबी उचल."

रेखानं डावीकडची उघडली. गुळाचा खडा. सासूनं घाईनं उजवीकडची उघडली. त्यातही गुळाचा खडा!

"आवं, हे काय? पोरगा का पोरगी, कळायचं कसं?"

अक्काताई म्हणाली, "ते जगाला कळू दे मागनं. आमाला जित्तं पायजे."

मग सासूनंच एक खडा उचलला, सुनेच्या तोंडात घातला, आणि दुसरा स्वतःच्या.

(रेखाला मुलगी झाली. जित्ती. आता ती पुण्याला असते आणि आईला रोज व्हॉट्सअ‍ॅपवर सल्ले देते.)

* * *

मी टेलिफोन खात्यात, त्यामुळं घरी फोन होता. त्या काळात फोन असणं म्हणजे गल्लीची विहीर असल्यासारखं! हळूहळू बायकांना नंबर कळला. तासगाव, इस्लामपूर, कराड, कुठून कुठून एसटीडी बूथवरून फोन यायचे. आमचे हे हायस्कुलात सायन्स शिकवायचे, पण 'गर्भाशय' शब्द आला की धडा मुलांना घरी वाचायला सांगायचे. फोनवर बाईचा आवाज आला की "थांबा, बोलावतो" एवढंच म्हणायचे आणि रिसिव्हर गरम असल्यासारखा खाली ठेवायचे.

एका रविवारी मी ड्यूटीवर आणि हे घरी एकटे. फोन वाजला. पलीकडं एक मुलगी रडत होती. "काकू हायत का? सकाळपासनं पोटात बाळ हललं न्हाई वो!"

यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण फोन ठेवला नाही. एवढ्या दिवसांत कानावर पडलेलं सगळं आठवून म्हणाले, "ताई, आधी काहीतरी गोड खा. डाव्या कुशीवर झोपा. पोटावर हात ठेवून शांत पडा. तासाभरात नाही हललं तर कुणाचं ऐकत बसू नका, रिक्षा करून थेट दवाखान्यात जा. आणि काहीही झालं तरी मला कळवा!"

मग हे फोनसमोर बसले. भूक लागली, उठले नाहीत. शेजारचे जोशी पेपर मागायला आले, त्यांना खुणेनंच परत पाठवलं. आणि फोन वाजला!

"काका, हललं! लाता मारतंय!"

हे आनंदानं धावत अंगणात आले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "हललं! हललं! हललं!"

किल्लारीचा भूकंप होऊन थोडेच दिवस झाले होते. आणि कोयनेचे धक्के तर आम्हाला नेहमीचेच. सगळी गल्ली रस्त्यावर! कुणी गॅस बंद करून आली, कुणी आजोबांना खुर्चीसकट उचलून आणलं. जोशी तर आंघोळीतनं टॉवेलवर!

मी ड्यूटीवरनं आले तेव्हा अख्खी गल्ली अजून बाहेरच उभी, आणि मध्ये आमचे हे, सगळ्यांना समजावून सांगतायत, "अहो, घर नाही, बाळ! बाळ हललं!"

जोशीकाकू म्हणाल्या, "भावजी, कुणाचं?"

त्यानंतर हे 'गर्भाशय'चा धडा वर्गात शिकवायला लागले.

* * *

सुनंदाचा नवरा मिलिटरीत, लांब आसामात. ही मॅडमकडं अ‍ॅडमिट. सासरची माणसं यायची, पण हिचं लक्ष सगळं फोनकडं. तेव्हा तिकडून ट्रंक कॉल लागणं म्हणजे लॉटरी. मी सुनंदाला कबूल केलं होतं, माझ्या ड्यूटीत कॉल आला तर सोडणार नाही.

आणि एक दिवस खरंच आला. मी दवाखान्याचा नंबर लावून दिला. सुनंदाच्या पलंगापर्यंत वायर पोचेल अशी व्यवस्था केलेली होती. पण लाइन अशी खराब की दोघांनाही एकमेकांचं काही ऐकू येईना! मला मात्र मधे दोघांचंही ऐकू येत होतं. तो 'हॅलो हॅलो' करतोय, ही 'हॅलो हॅलो' करतेय, आणि वेळ चाललाय. शेवटी मीच मधे पडले. त्या वेळी ऑपरेटरनं निरोप पोचवायची पद्धतच होती.

"सुनंदा, ते विचारतायत, जेवलीस का?"

"जेवले म्हनावं."

"जेवली म्हणते!"

"पायाची सूज?"

"उतरलीय म्हणते!"

असं चाललं. लाइन आणखी बिघडली तसा माझा आवाज चढला. आजूबाजूच्या ऑपरेटर मुली कानावरचे हेडफोन सरकवून ऐकायला लागल्या. आणि तिकडून तो जवान काहीतरी बोलला. मी आजूबाजूला बघितलं. सुनंदा इकडून विचारतेय, "काकू, काय म्हनले? काय म्हनले वो?"

काय करणार! माणूस इतक्या लांबून बोलतोय. मी डोळे मिटले आणि ओरडले,

"तुझी लय आठवण येते! रोज स्वप्नात येतेस!"

माझ्या खुर्चीमागं सुपरवायझर येऊन उभे राहिलेले. सदा कडक इस्त्रीतले, निवृत्तीला आलेले गृहस्थ. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आणि म्हणाले,

"बाई, त्या काय म्हणाल्या ते लवकर सांगा. तो वाट बघत असेल."

* * *

सुमनची बदली साताऱ्याला झाली. तिथं जाऊन ती गप्प बसते कसली! शाळा सुटली की सायकल काढून कुणाकुणाकडं जायची. तिचं बघून तिथंही चार बायका जमल्या. ते कळल्यावर एक स्थानिक पुढारी तिच्या घरी आले. पांढरेशुभ्र कपडे, बरोबर फोटोग्राफर.

"मॅडम, एवढं मोठं काम करता, एक कार्यक्रम लावू या. बॅनर, सत्कार, सगळं आपल्याकडं लागलं. फक्त तुमच्या मंडळाचे अध्यक्ष कोण, तेवढं सांगा. त्यांना स्टेजवर बसवू."

सुमन म्हणाली, "अध्यक्ष झोपून आहेत. त्यांना बसायची परवानगी नाही!"

* * *

आणि हा शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही, कारण मला तो नीट सांगता येत नाही.

अक्काताईला मधे गावात करमेना. मालक चांगले, कधी वेडंवाकडं बोलले नाहीत. पण जावांच्या घरात पाळणे हलत होते, आणि बारशाला, ओटी भरायला हिला कुणी बोलवत नव्हतं. सुमननं तिला साताऱ्याला हवापालटाला नेलं. त्याच दिवसांत वाईच्या वाटेवरच्या एका गावातली मंगल नावाची मुलगी सुमनला कळली. आधीची दोन गेलेली, आता तिसऱ्या वेळी घरीच झोपून, आणि अन्नाला शिवत नव्हती. सुमन अक्काताईला घेऊन तिथं गेली.

सासू दारातच. कृश, ताठ म्हातारी. चहा टाकला, पण सुनेच्या खोलीच्या दारात पाट मांडून स्वतःच बसली. अक्काताईकडं बघून म्हणाली,

"तुमाला किती?"

"तीन."

"काय करत्यात?"

"न्हाईत."

म्हातारीनं हात लांब करून खोलीचं दार ओढून घेतलं. सुमनचा चेहरा लाल झाला. ती भांडायच्या बेतात होती. अक्काताईनं तिचा हात दाबला आणि म्हातारीला म्हणाली,

"आवं आजी, माजी नजर लागत आसती, तर पयली माज्या थोरल्या जावंला लागली आसती. ती तर म्हशीगत हाय आजून!"

म्हातारीनं पटकन तोंडाला पदर लावला. हसली असावी. पण दार काही उघडलं नाही.

अक्काताई उठली, घराला वळसा घातला आणि खोलीच्या खिडकीखाली कट्ट्यावर जाऊन बसली. आत मंगल, बाहेर ही. मध्ये गज. म्हातारी आतूनच म्हणाली, "तितं काय करतीया?"

"तुमच्या घरात न्हाई आजी. मी रस्त्यावर बसलीया!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळच्या एसटीनं हजर. रोज यायची. शेंगा फोडायची, ओंजळभर दाणे गजातनं आत द्यायची आणि गावाकडच्या गोष्टी सांगायची. जावंच्या, उसाच्या, चोरून दूध पिणाऱ्या मांजरीच्या. मंगल दाणे खायला लागली. मग भाकरी खायला लागली. उन्हं चढली की आतून म्हातारीचा आवाज यायचा, "त्या रस्त्यावरच्या बाईला पानी द्या रं कुनीतरी." दार मात्र तिनं उघडलं नाही. अक्काताईनंही कधी उघडायला सांगितलं नाही.

दिवस भरले. मुलगा झाला, धडधाकट.

बारशाचं बोलावणं सुमनला आलं, मला सांगलीला फोन आला. अक्काताईचं नाव कुणी घेतलं नव्हतं. सुमन म्हणाली, "तिला सोडून मी जाणार नाही." अक्काताई म्हणाली, "मी आपली लांबनं बघीन."

मी सांगलीहून एसटीनं कराडमार्गे साताऱ्याला आले, आणि आम्ही तिघी गेलो. अंगणात मांडव, घरात बायकांची ही गर्दी. पाळण्याला झेंडूच्या माळा. सुमन आणि मी आत गेलो. अक्काताई उंबऱ्याबाहेरच थांबली, पायात चपला तशाच. खांबाआडून मान लांब करून बघत होती.

पाळणा म्हणून झाला. बाळाला घ्यायचं-द्यायचं झालं. मग कुणीतरी ओरडलं, "आत्या कुटं हाय? नाव ठेवायला आत्याला बोलवा!"

मंगलच्या नवऱ्याला बहीण नव्हती. चुलतबहिणी होत्या, त्या सरसावून पुढं आल्या. जरीच्या साड्या, नथी, केसांत गजरे.

म्हातारी पाळण्यापाशी बसली होती. ती गुडघ्यावर हात टेकून उठली. चुलतबहिणींना हातानं बाजूला केलं. गर्दीतनं वाट काढत दारापर्यंत आली आणि उंबऱ्यापलीकडं बघून खेकसली,

"आवं आत्याबाई! चपला काडा की! पोराच्या कानात काय मी कुर्र करू?"

अक्काताई हलेना. तिनं मागं वळून बघितलं, आपल्या पाठीमागं दुसरी कुणी आत्याबाई उभी आहे का.

"तुमालाच म्हनतीया!" म्हातारीनं तिचा दंड धरला.

अक्काताईनं चपला काढल्या. एक सरळ पडली, एक उलटी. आत येऊन ती पाळण्यावर वाकली, आणि इतके दिवस खिडकीतनं गोष्टी सांगणाऱ्या त्या बाईला बाळाच्या कानात एवढंसं नाव सांगायला आवाज फुटेना. मग अगदी बारीक ऐकू आलं, "कुर्रर्र..."

आता आपल्यात रीत आहे, कुर्र केलं की सगळ्यांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे.

पहिला धपाटा म्हातारीचा होता.